एक्स-रेची पिशवी आणि जामिनाचा अर्ज

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात अशी माणसं लांबूनच ओळखू येतात. हातात कापड दुकानाची पिशवी, तिच्यात सिव्हिलचे केसपेपर, औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि पिशवीत मावत नाही म्हणून अर्धा बाहेर आलेला एक्स-रे. वकील दिसला की बाई तो एक्स-रे काढते, उजेडाकडे धरते आणि म्हणते, "बघा साहेब, किती खराब झालंय." साहेबही डोळे बारीक करून बघतात. खरं सांगायचं तर वकिलाला त्यातलं काही कळत नाही. मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, आणि ज्यांच्यापुढे तो जायचा आहे त्या न्यायाधीशांनाही कळत नाही.

ज्यांचा माणूस कच्चा कैदी म्हणून आत आहे आणि आजारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चेच असतात, म्हणजे खटला अजून व्हायचाय, गुन्हा सिद्ध झालेला नाही. तेव्हा "आपल्या घरात कशाला येतंय असलं" म्हणून पान उलटू नका.

कायद्यात आजारी माणसासाठी जागा आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुनं कलम 437 आता 480 झालं. आरोप फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा असला, तरी आरोपी बालक, स्त्री, आजारी किंवा अशक्त असेल तर जामिनावर सोडता येतं, असं त्यात लिहिलंय. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय यांचे अधिकार तर कलम 483 खाली याहून मोठे. ईडी ज्या कायद्याखाली पकडते त्या कायद्याच्या कलम 45 मध्येही आजारी आणि अशक्त माणसाला सवलत आहे. मोक्का, एनडीपीएस, यूएपीए यांत मात्र अशी सवलत लिहिलेली नाही. त्या कायद्यांत आजारपणाचा जामीन मिळतच नाही असं नाही. वाट लांबची आहे, आणि पुष्कळदा ती उच्च न्यायालयापर्यंत जाते.

पण कलमात "सोडता येतं" असं आहे, "सोडावंच" असं नाही. सगळा घोळ इथे होतो. नातेवाइकांना वाटतं, आजारी आहे एवढं सिद्ध झालं की झालं. न्यायाधीशांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो: आत राहून याचा इलाज होतो का? तुरुंगातल्या दवाखान्यात होत नसेल तर पोलीस बंदोबस्तात ससूनला, जे. जे.ला, नागपूरच्या मेडिकलला किंवा गोव्यातल्या बांबोळीला नेऊन होतो का? या दोन्हींचं उत्तर "होतो" असेल तर अर्ज तिथेच बसतो. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आत मिळतात. अँजिओप्लास्टी सरकारी रुग्णालयात होते, दारात पोलीस बसवून होते. म्हणून "हार्ट पेशंट आहे, दया करावी" असा अर्ज म्हणजे कोरा कागद. अमुक उपचार लागतो, तो आत होत नाही, बंदोबस्तात नेऊन करायचा प्रयत्न केला तो असा असा फसला, आणि अमुक दिवसांत झाला नाही तर अमुक होईल, हे दाखवणारा अर्ज मात्र न्यायाधीश बाजूला ठेवू शकत नाहीत.

आणि हे दाखवणारे कागद जामिनाचा अर्ज लिहायला बसल्यावर तयार होत नाहीत. ते अटकेच्या दिवसापासून जमा करायचे असतात.

अटक झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे ती व्हायलाच हवी. सिव्हिलच्या खिडकीशी दोन मिनिटांत उरकलेली ती तपासणी पुढे फार महत्त्वाची ठरते. डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" घाबरलेला माणूस म्हणतो, "नाही." सहा महिन्यांनी सरकारी वकील तोच कागद काढतात आणि म्हणतात, अटकेच्या वेळी हा ठणठणीत होता. म्हणून पोलीस ठाण्यात भेट होईल तेव्हाच त्याला बजावा: दम्याचा पंप असो, फिटच्या गोळ्या असोत, झालेलं ऑपरेशन असो, सगळं सांग, लिहून घ्यायला लाव. कारागृहात दाखल होताना तिथले डॉक्टर विचारतील, तेव्हाही तेच.

मग घरच्यांचं काम. जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी यांच्या झेरॉक्स काढा. कारागृह अधीक्षकांच्या नावाने साधं पत्र लिहा: माझा नवरा अमुक गुन्ह्यात आपल्याकडे न्यायबंदी आहे, त्याला हा आजार आहे, ही औषधं चालू आहेत, सोबत कागद जोडले आहेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मिळेना तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, अगदी मलासुद्धा. वकिलाच्या कपाटात गेलेला मूळ एक्स-रे परत मिळणं हे जामीन मिळण्याहून अवघड आहे, हे मी आमच्याच धंद्याबद्दल सांगतोय.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक कुटुंबं सोडून देतात. तुरुंगातल्या डॉक्टरने मोठ्या रुग्णालयात रेफर केलं, ओपीडीची तारीख मिळाली, आणि त्या दिवशी नेलं नाही. का? गार्ड मिळाला नाही. कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलीस मुख्यालयातून बंदोबस्ताची पार्टी यावी लागते. निवडणूक, गणपती, मोर्चा, व्हीआयपी दौरा, काहीही असलं की पार्टी येत नाही. कैदी आत वाट बघतो आणि पुढची तारीख महिन्याभराने पडते. मुलाखतीत तो बायकोला सांगतो, बायको हळहळते, घरी जाते. असं करू नका. गार्ड नाही म्हणून नेलं नाही, ती प्रत्येक तारीख वहीत लिहा आणि दर वेळी वकिलामार्फत कोर्टात एक पानाचा अर्ज टाका: अमुक तारखेला उपचाराला नेलं नाही, कारागृहाकडून खुलासा मागवावा. ताब्यातल्या माणसाच्या तब्येतीची काळजी घेणं ही ताब्यात ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे, असं कलम 56 सांगतं. असे तीन-चार अर्ज आणि त्यांवर कोर्टाने केलेले आदेश रेकॉर्डवर आले की "बंदोबस्तात उपचार होतो" या उत्तराचा पाय निघतो. माझ्या पाहण्यात आजारपणाचे जे अर्ज मंजूर झाले, त्यांतले निम्म्याहून जास्त या कंटाळवाण्या एकेका पानांच्या जोरावर झाले. भाषणांनी एकही झालेला नाही.

डॉक्टरांच्या दाखल्याबद्दल. गल्लीतल्या डॉक्टरने लेटरहेडवर "पूर्ण विश्रांतीची गरज" असं लिहून दिलं तर ते फाईलला लावू नका. उलट नुकसान होतं. विश्रांती कोर्टाला पटत नाही. तुरुंगात विश्रांतीशिवाय दुसरं असतं काय, असं एका न्यायाधीशांनी मला हसत विचारलं होतं. ज्याने खरोखर तपासलंय त्या तज्ज्ञाकडून लिहून घ्या: आजार काय, कोणती शस्त्रक्रिया किंवा कोणते उपचार, किती दिवसांच्या आत, रुग्णालयात किती दिवस, त्यानंतर ड्रेसिंग किंवा फिजिओथेरपीला किती. खर्चाचा अंदाज आणि भरतीची तारीखही असू द्या. मग कोर्ट बहुधा सिव्हिल सर्जनकडून किंवा मेडिकल बोर्डाकडून अहवाल मागवतं. त्याला भिऊ नका. आजार खरा असेल तर अर्जात तुम्हीच लिहा की बोर्डाकडून तपासावं. अर्जाला वजन येतं.

आजार खरा नसेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. न्यायाधीश आजारपणाच्या अर्जाकडे संशयाने का बघतात, ते पुण्याच्या लोकांना सांगायला नको. 2 ऑक्टोबर 2023 ला ससूनच्या कैद्यांच्या वॉर्डातून, वॉर्ड क्रमांक 16 मधून, अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी पळाला आणि मग त्या वॉर्डातले कैदी किती महिने कसले "उपचार" घेत होते याची चौकशी सुरू झाली. त्यानंतर राज्यातल्या कुठल्याही तालुक्यात खरोखर डायलिसिसवर असलेल्या माणसाचा अर्ज आला, तरी सरकारी वकिलांच्या "से"मध्ये, म्हणजे लेखी म्हणण्यात, पळून जाण्याची शक्यता पहिल्या ओळीत. एकाच्या खोट्या दाखल्याची किंमत दहा खरे आजारी मोजतात.

"हे सगळं मोठ्यांनाच मिळतं हो," असं लोक म्हणतात. राज्याचे माजी मंत्री नवाब मलिक यांना मूत्रपिंडाच्या आजारासाठी सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 ला दोन महिन्यांचा जामीन दिला आणि तो पुढे वाढत गेला. जेट एअरवेजचे नरेश गोयल यांना कर्करोगासाठी मुंबई उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दोन महिन्यांचा दिला. दोन्ही ईडीची प्रकरणं. मोठ्यांकडे मोठे वकील असतात, हे खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मोठ्यांकडे आणखी एक गोष्ट असते: प्रत्येक तपासणीचा कागद, तारखेनिशी. तेवढी दुसरी गोष्ट गरिबालाही जमवता येते. नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने गांजाच्या प्रकरणातल्या एका गरोदर स्त्रीला बाळंतपणासाठी सहा महिने सोडलं. एनडीपीएसचा कडक कायदा, त्यात आई कुणी मोठी बाई नव्हती. तुरुंगातल्या वातावरणात बाळंतपण झालं तर परिणाम आईबरोबर बाळावरही होतो, हे कोर्टाने धरलं.

यूएपीएतली दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही आपल्या तळोजा कारागृहातली. पहिले कवी वरवरा राव. जामिनाच्या वेळी त्यांचं वय 80. विशेष न्यायालयात काही झालं नाही. 22 फेब्रुवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिन्यांचा जामीन दिला, कारण परत तळोजाला धाडणं जिवावर बेतेल असं वैद्यकीय कागदांवरून दिसत होतं. पुढे 10 ऑगस्ट 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने मुदतीची अट काढली. दुसरे फादर स्टॅन स्वामी. ऑक्टोबर 2020 मध्ये रांचीहून अटक झाली तेव्हा वय 83, अंगात पार्किन्सन्स. हात थरथरतो म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर कप मिळावा, यासाठी त्यांना नोव्हेंबरात कोर्टात अर्ज करावा लागला. जामीन विशेष न्यायालयाने नाकारला. 28 मे 2021 ला उच्च न्यायालयाच्या आदेशाने वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. 5 जुलैला जामिनाची सुनावणी चालू असताना कोर्टाला सांगण्यात आलं की ते गेले.

या प्रकरणांतल्या आरोपांबद्दल तुमचं मत काहीही असो, दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. अर्ज एकाच मागणीचा करू नका. जामीन मागा, तो देता येत नसेल तर स्वखर्चाने अमुक खासगी रुग्णालयात बंदोबस्तात भरती मागा, तेही नसेल तर घरचं पथ्याचं जेवण, कमोडची खुर्ची, चष्मा, वॉकर, सोबतीला माणूस, जे लागेल ते. एकाच अर्जात, एकाखाली एक. आणि थांबू नका. खालच्या कोर्टाने नाकारलं तर आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा आणि वर जा. आता कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या लोकांना मुंबईची रात्रीची गाडी धरायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. एकदा फेटाळलेला अर्ज पुन्हा करता येत नाही, ही समजूतही काढून टाका. तब्येत खालावली, नवा रिपोर्ट आला, ठरलेली शस्त्रक्रिया झालीच नाही, तर नवं कारण आहे आणि नवा अर्ज आहे.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तसं म्हणतं. न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 वर फोनही करता येतो. फुकटचा वकील कामाचा नसतो, असं बोललं जातं. काही नसतात, पैसे घेणारेही काही नसतात. वर सांगितलेली वही आणि पोच-पावत्या घेऊन गेलात तर मात्र तोही कामाला लागतो, कारण त्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं.

अर्जात "माझ्या नवऱ्याला खोटं गुंतवलंय" हे दोन पानं लिहू नका. ते नियमित जामिनाच्या वेळी. इथे विषय फक्त शरीराचा.

मंजूर झाल्यावरची गंमत अशी की आदेश हातात पडला तरी माणूस बाहेर येत नाही. 15 दिवसांचा जामीन आणि जामीनदार शोधण्यात दहा दिवस गेले, अशी उदाहरणं मी पाहिलीत. सातबारा काकांच्या नावावर, काका यायला तयार नाहीत, ऐपतीचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला. म्हणून अर्जातच मागा की जातमुचलक्यावर किंवा रोख रकमेवर सोडावं आणि मुदत प्रत्यक्ष सुटल्याच्या दिवसापासून मोजावी. जामीनदार त्याच जिल्ह्यातला हवा असा आग्रह धरला तर वकिलाला मोती राम प्रकरणाची आठवण करून द्या. 1978 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. मोती राम गवंडी होता. दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला, ते न्यायालयाने चुकीचं ठरवलं. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला पुन्हा सांगितलंय. आणि सुटकेचा आदेश तुरुंगात वेळेत पोचवा. आर्थर रोडला जामिनाच्या आदेशांसाठी दारात पेटी असते, ती ठरल्या वेळी उघडतात. ऑक्टोबर 2021 मध्ये शाहरुख खानच्या मुलाच्या सुटकेचे कागद संध्याकाळची वेळ गाठू शकले नाहीत आणि त्यालाही एक रात्र जास्त काढावी लागली. तुमच्या-माझ्यासाठी ती पेटी रात्री कोण उघडणार?

बाहेर आल्यावर माणूस मोकळा झालाय असं समजू नका, आणि गावालाही तसं वाटू देऊ नका. फिर्यादीच्या वस्तीकडे फिरकायचं नाही, साक्षीदाराला फोन नाही, कोर्टाने सांगितलेल्या पोलीस ठाण्यात हजेरी चुकवायची नाही. ऑपरेशनसाठी सुटलेला माणूस चुलतभावाच्या वरातीत नाचताना कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडतो आणि मग सरकारी वकिलांना वेगळा पुरावा लागत नाही. शस्त्रक्रियेची तारीख रुग्णालयानेच पुढे ढकलली तर त्यांचं तसं पत्र घ्या आणि मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आठवडाभर आधी करा. शेवटच्या दिवशी केलेला अर्ज कोर्टाच्या बोर्डावर येत नाही, आणि मुदत संपल्यावर परत न जाणं हा वेगळा गुन्हा आहे.

हा जामीन तात्पुरता आहे हे विसरू नका. दिल्लीचे माजी मंत्री सत्येंद्र जैन यांना मे 2023 मध्ये सहा आठवडे मिळाले, वाढत वाढत ते दहा महिने झाले, आणि मार्च 2024 मध्ये नियमित जामीन नाकारला गेला तेव्हा त्यांना परत तिहारला जावं लागलं. बाहेर घालवलेले दिवस कोठडीच्या हिशेबातही धरले जात नाहीत. ज्यांना शिक्षा झालीये त्यांचा रस्ता वेगळा: पॅरोल, नाहीतर अपील चालू असेल तर कलम 430 खाली शिक्षेला स्थगिती. त्यांनी जामिनाच्या अर्जात वेळ घालवू नये.

परत जायचा दिवस घरात जड असतो. बायका रडतात, आई म्हणते अजून दोन दिवस राहू दे. राहू देऊ नका. वेळेच्या दोन तास आधी कारागृहाच्या दारात पोचा, हजर झाल्याची नोंद झाली का विचारा. डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स सोबत ठेवा. एक आतल्या डॉक्टरांसाठी त्याच्या हातात द्या, दुसरी अधीक्षकांच्या नावाने आवकला देऊन शिक्का घ्या. टाके कधी काढायचे ती तारीख त्या कार्डावर असते, आणि त्या दिवशी गार्ड आला की नाही हे वहीत लिहायचं असतं.